डिझर्टेशनसाठी मराठी शिकणाऱ्यांच्या चुका गोळा करताना

उपयोजित भाषाविज्ञानात एमए करणारे डिझर्टेशनला हमखास इंग्रजीच्या चुका घेतात. 'ग्रामीण विद्यार्थ्यांच्या इंग्रजीतील अडचणी' या विषयाचं दळण पुरे झालं आता. पुण्यात वेगळा विषय दारात उभा आहे: हिंजवडी-खराडीला नोकरीसाठी आलेली, मराठी शिकू पाहणारी हिंदी, कन्नड, तमिळ भाषक माणसं.

पण 'मराठीतील चुका' एवढा मोठा घास घेऊ नका. एकच रचना घ्या, उदाहरणार्थ भूतकाळातलं सकर्मक वाक्य: 'मी काम केलं', 'त्याने पत्र लिहिलं'. यात क्रियापद कर्माच्या लिंगाप्रमाणे बदलतं. हिंदीभाषक 'मी काम केला' म्हणतो, कारण हिंदीत नपुंसकलिंग नाही आणि 'काम' तिथे पुल्लिंगी. 'मैंने'च्या वजनावर 'मीने'ही येतं. कन्नडमध्ये असं 'ने' नाहीच, क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलतं. म्हणून 'मी पुस्तक वाचलो' ऐकू आलं तर नवल नाही. मात्र थांबा. 'मी काम केलो' सोलापूर-लातूरकडचे अस्सल मराठीभाषकही म्हणतात, आणि ते पुण्यात भरपूर आहेत. शिकणाऱ्याने ते सहकाऱ्याकडून उचललं असेल तर ती चूक कशी? म्हणून रोज कुणाची मराठी कानावर पडते हे प्रश्नावलीत विचाराच, आणि शिकणाऱ्यांना जी चित्रांची गोष्ट सांगायला लावणार (त्याबद्दल पुढे), तीच तीन-चार मराठीभाषकांकडूनही वदवून घ्या. डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेसोबत केलेलं बोलींचं सर्वेक्षण ऑनलाइन खुलं आहे. ते आधी चाळा.

आठ-दहा जण पुरतात. गप्पांतून हवी ती रचना मिळेलच असं नाही, म्हणून सहा चित्रांची गोष्ट सांगायला लावा. चित्रं निवडताना क्रियापदं तपासा, कारण खरी मेख इथे आहे. चित्रात मुलगा दूध पिताना दाखवलात की घोटाळा: प्रमाण मराठीत 'तो दूध प्यायला', तिथे 'ने' लागत नाही. हिंदीत मात्र 'उसने दूध पिया'. शिकणे, बोलणे, विसरणे यांचंही मराठीत 'पिणे'सारखंच. ही क्रियापदं मुद्दाम हवी असतील तर ठेवा, पण त्यांचा रकाना वेगळा करा. चुकून घुसली तर सगळे आकडे बिघडतात. नामंही अशी निवडा, ज्यांचं लिंग दोन भाषांत वेगळं आहे: पाणी, काम, पुस्तक. 'पुस्तक' हिंदीत स्त्रीलिंगी, म्हणून 'वाचली' आलं तर त्याचं मूळ लगेच कळतं.

आता मोजणी. नुसत्या चुका मोजू नका. ती रचना जिथे यायलाच हवी होती अशा सगळ्या जागा मोजा. एकाच्या ६० जागांत १२ चुका, दुसऱ्याच्या ८ जागांत ६. पहिल्याच्या चुका दुप्पट, पण ८० टक्के बरोबर तोच आहे. दुसऱ्याचं जेमतेम २५ टक्के. दुसऱ्याच्या जागाच इतक्या कमी का, हाही प्रश्न आहे. 'त्याने पत्र लिहिलं' टाळून 'तो पत्र लिहीत होता' म्हटलं की 'ने'ची कटकट संपते, आणि चुकाच कमी म्हणून तुमच्या तक्त्यात तो माणूस हुशार ठरतो. भाषाअभ्यासक जॅकलिन शॅक्टर यांनी १९७४ साली इंग्रजीतल्या संबंधी उपवाक्यांबाबत ('who', 'which' लावून जोडलेली वाक्यं) हेच दाखवलं होतं: चिनी आणि जपानी विद्यार्थ्यांच्या चुका कमी होत्या, कारण ते ती रचना मुळात फार कमी वापरत होते.

ध्वनिमुद्रण वेव्ह फाइलमध्ये करा. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या दाबलेल्या आवाजात 'केला' की 'केलं' हे ठरवताना वाद होतात. कॅफेत तर बसूच नका. लेखी संमती आधी घ्या, नावांऐवजी क्रमांक वापरा. लिहून काढताना बोललेलं जसंच्या तसं उतरवा. आपला हात नकळत 'केला'चं 'केलं' करून टाकतो, आणि मराठीच्या शिक्षकांचा तर जास्तच. निदान दहा टक्के मजकूर दुसऱ्याकडून स्वतंत्रपणे तपासून घ्या आणि दोघांचं जुळतं का ते कापा मूल्याने (दोघांची जुळणी योगायोगापलीकडे किती, हे सांगणारा आकडा) सांगा. 'आम्ही चर्चा करून ठरवलं' एवढ्यावर परीक्षक सोडत नाही.

शेवटच्या प्रकरणात 'शिक्षकांनी याकडे लक्ष द्यावे' लिहून पानं भरू नका. ४० मिनिटांचा एक पाठ जोडा: आधी 'वाचलं, लिहिलं, आणलं', त्यात नपुंसकलिंगी कर्म पक्कं होऊ द्या, आणि 'प्यायला, शिकला' पुढच्या तासाला.