स्पेनची पाचवी पायरी
स्पेनची टॉपची फुटबॉल लीग ला लिगा सगळेच बघतात हो, पण मला खरी मजा तेर्सेरा फेदेरासिओनमध्ये वाटते. 2021 ला सगळी रचना बदलली आणि ही पाचव्या लेव्हलची लीग झाली, 18 ग्रुप, बहुतेक एकेका स्वायत्त प्रदेशाचा एक, म्हणजे प्रवास कमी आणि डर्बी (शेजारच्या टीमांमधल्या मॅच) जास्त, कारण बऱ्याच प्लेयर्सना दिवसा नोकरी करून संध्याकाळी प्रॅक्टिसला यायचं असतं. ग्रुपमध्ये पहिला आला की थेट प्रमोशन, दोन ते पाच नंबरवाल्यांना प्लेऑफची मारामारी (इथे भलेभले रडतात!). मोठ्या क्लबांच्या बी टीमही यात घुसतात, ते मला पटत नाही. पण कोपा देल रे, म्हणजे छोटे-मोठे क्लब भिडतात त्या स्पेनच्या नॉकआउट कपच्या सुरुवातीच्या राउंडला एकच मॅच आणि तीही छोट्या टीमच्या मैदानावर, हा नियम मात्र एक नंबर.