तुम्ही विचारलंत म्हणून: सलाईनची बाटली संपली तर हवा आत जाईल का?

"ओ सिस्टर, बाटली संपत आल्या बघा! हवा जाईल की आत!" सीपीआर या सरकारी हॉस्पिटलचा वॉर्ड असो की राजारामपुरीतलं दहा खाटांचं खासगी हॉस्पिटल, कोल्हापुरात नर्सला सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. औषधांच्या ट्रेवरून मान वर करून आम्ही "आले, आले" म्हणतो आणि प्रश्न तिथंच राहतो. तुम्ही इतक्यांदा विचारलंत म्हणून एकदा सविस्तर सांगते.

नुसती बाटली संपली म्हणून हवा शिरेत ओढली जात नाही. सलाईन वरून खाली उतरतं ते उंचीच्या जोरावर. म्हणून तर बाटली हातापासून साधारण तीन फूट वर टांगलेली असते. शिरेतल्या रक्तालाही स्वतःचा थोडा दाब असतो, पाण्याच्या दहा-पंधरा सेंटीमीटर उंचीएवढा. बाटली रिकामी झाली की नळीतलं पाणी खाली खाली येतं आणि तेवढ्या उंचीवर थांबतं. दोन्ही दाब सारखे झाले, की वाहणं बंद. पुढं काही झालंच तर उलटं होतं. पेशंट हात खाली सोडून बाथरूमला गेला की रक्त नळीत वर चढतं. ते तिथंच गोठलं की इंट्राकॅथ, म्हणजे शिरेत बसवलेली बारीक नळी, बंद पडतं आणि नवी शीर शोधायची वेळ येते. संपलेल्या बाटलीचं खरं नुकसान बहुतेक वेळा एवढंच, म्हणजे आणखी एक टोचणं.

मग भीती आली कुठून? ती अगदीच हवेतली नाही. पूर्वी काचेच्या बाटल्या होत्या. रक्त लवकर चढावं म्हणून त्यात पंपाने हवा भरून दाब देत, आणि बाटली संपली की तीच हवा जोरात शिरेत जाऊन माणसं दगावल्याच्या नोंदी आहेत. आजही धोका दाबाच्याच ठिकाणी आहे. अर्धी हवा भरलेली बाटली हाताने पिळणं, तिच्याभोवती दाबाचा पट्टा बांधणं, मानेतल्या मोठ्या शिरेतली लाइन उघडी राहणं. हृदयाला जन्मजात छिद्र असलेल्या बाळाच्या बाबतीत तर आम्ही एक बुडबुडाही सोडत नाही, कारण एरवी फुप्फुसात अडकून विरघळणारा तो बुडबुडा त्या छिद्रातून थेट मेंदूकडे जाऊ शकतो. मोठ्या माणसाच्या हातातल्या शिरेत चार-दोन बारीक बुडबुडे गेले तर काही होत नाही. जिवावर बेतणारी हवा वजनाच्या दर किलोमागे 3 ते 5 मिली मानतात, तीही एकदम गेली तर. सलाईनच्या अख्ख्या नळीत मावते साधारण दहा मिली. तरी त्याहून बऱ्याच कमी हवेनेही त्रास झाल्याच्या नोंदी आहेत, त्यामुळे "काही होत नाही" म्हणून नळी तशीच जोडायची, हे कुठल्याही नर्सला मान्य होणार नाही.

हवा आत जाण्याची खरी वाट नवी बाटली लावताना उघडते. जुनी संपून नळी अर्धी रिकामी झालेली असते. तीत वरून नवी बाटली खोचून चाकी सोडली, तर मधली सगळी हवा पुढं ढकलली जाते. म्हणून क्रम असा: आधी चाकी, म्हणजे थेंब कमी-जास्त करायचं नळीवरचं चाक, बंद. बाटली खोचून चेंबर, म्हणजे थेंब पडतात ती कुपी, दोनदा दाबून निम्मा भरायचा. पूर्ण भरला तर थेंब दिसत नाहीत, रिकामा ठेवला तर पाण्याबरोबर हवा खाली उतरते. मग नळी ताठ धरून बोटाने टिचक्या मारायच्या, बुडबुडे वर चेंबरमध्ये जातात. हवा फार खाली उतरली असेल तर नळी इंट्राकॅथपासून सोडवून, पाणी टोकाशी येईपर्यंत सोडून, टोक कशालाही न लावता पुन्हा जोडायची. टोक गादीला लागलं तर सेट, म्हणजे ही सगळी नळी, फेकायचा. त्या टिचक्या नुसती सवय म्हणून मारत नाही आम्ही.

आणखी एक सवय अजून दिसते. प्लॅस्टिकची बाटली आक्रसून थेंब मंदावले, की तिच्या बुडात मोकळी सुई टोचून ठेवतात. थेंब सुरू होतात हे खरं, पण वॉर्डातली धूळभरली हवाही तासन्‌तास त्या पाण्यात शिरत राहते. त्यासाठी सेटलाच झाकणाचं हवेचं छिद्र असतं, गाळणीसकट. ते उघडावं. सुई टोचू नये.

आता तुम्ही न विचारलेली गोष्ट, आणि माझ्या मते तीच जास्त महत्त्वाची: ती चाकी. साध्या सेटमध्ये 20 थेंबांचा एक मिली होतो, लहान मुलांच्या मायक्रो सेटमध्ये 60 थेंबांचा. सेटच्या पाकिटावर ते छापलेलं असतं. साध्या सेटसाठी आमचा हिशेब सोपा आहे: तासाला जेवढे मिली द्यायचे, त्याला तीनने भागा, मिनिटाचे थेंब मिळतात. 500 मिलीची बाटली आठ तासांत द्यायची तर मिनिटाला 21 थेंब, सहा तासांत 28, चार तासांत 42. घड्याळ धरून पंधरा सेकंद मोजतो आणि चारने गुणतो. तरी काम संपत नाही. पेशंटने कोपर वाकवला की थेंब कमी, हात सरळ केला की जास्त, खाट वर घेतली की पुन्हा वेगळे.

आणि मग कुणीतरी चाकी पूर्ण सोडतं. डिस्चार्ज आहे, गगनबावड्याची एसटी चुकेल, एवढी बाटली संपवून टाकू. नेहमीच्या जाडीच्या गुलाबी इंट्राकॅथमधून अख्खी बाटली वीस-पंचवीस मिनिटांत जाऊ शकते. तरण्याताठ्या माणसाला फार तर दोनदा लघवीला जावं लागेल. हृदय कमजोर असलेल्या किंवा किडनी अधू झालेल्या म्हाताऱ्या माणसाचं तेच पाणी फुप्फुसात उतरतं. आधी कोरडा खोकला, मग आडवं झोपवेना, मग धाप. अशा वेळी नातेवाइकांनी दोनच गोष्टी कराव्यात: चाकी खाली सरकवून बंद, आणि पेशंटला उठवून बसवणं. आणि हाक मारावी.

बाटलीत पोटॅशियम घातलेलं असेल तर चाकीला हातच नको. त्याच्या 10 मिलीच्या एका अँप्युलमध्ये 20 मिलीइक्विव्हॅलंट (क्षार मोजायचं माप) असतं. साध्या वॉर्डात तासाला 10 च्या वर जाऊ नये, म्हणजे एका अँप्युलची बाटली दोन तासांच्या आत संपता कामा नये. वेगाने गेलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, थांबूही शकतात. शिवाय ते पाण्यापेक्षा जड. टांगलेल्या बाटलीत वरून टोचलं तर तळाशी, म्हणजे नळीच्या तोंडाशी साठतं आणि सगळं आधी जातं. म्हणून बाटली खाली काढायची, चाकी बंद करायची, औषध घालायचं, आठ-दहा वेळा उलटीपालटी करायची, वर नाव, मात्रा आणि वेळ लिहायची आणि मगच टांगायची. बाटलीवर चिकटपट्टी लावून पेनाने काही लिहिलेलं दिसलं, तर तिच्यात औषध आहे असं समजा.

काय कशात मिसळत नाही, हेही डोक्यात ठेवावं लागतं. रक्त चालू असलेल्या नळीत फक्त एनएस, म्हणजे साधं मिठाचं सलाईन. आरएल (रिंगर लॅक्टेट) सलाईनमधल्या कॅल्शियमने रक्त गोठू शकतं, नुसत्या डेक्स्ट्रोजने, म्हणजे साखरेच्या सलाईनने, तांबड्या पेशी फुटतात. सेफ्ट्रियाक्झोन हे अँटिबायोटिक आणि आरएल एका नळीत आले तर खडे धरतात. फिटचं फेनिटॉइन डेक्स्ट्रोजमध्ये घातलं की साका बसतो. हे सगळं औषधं लिहिणाऱ्यालाही ठाऊक असतं. पण एका हातात दोन नळ्या येऊन मिळतात तिथं उभी असते ती नर्स. मधे 10 मिली एनएसने नळी धुतली की नाही, हे तिच्याशिवाय कुणी बघत नसतं.

समजा तीस खाटांचा वॉर्ड आहे, चौदा जणांना सलाईन चालू आहे आणि प्रत्येक बाटली सहा तासांची आहे. चोवीस तासांत 56 बाटल्या बदलायच्या. मधल्या 100 मिलीच्या अँटिबायोटिकच्या बाटल्या वेगळ्या. रात्री दोघी असतील तर बाटली पाच मिनिटं रिकामी लटकलेली दिसणारच. तेव्हा वरच्या बाटलीपेक्षा खालचा हात बघत बसलात तर आम्हाला खरी मदत होईल.

हातात बिघाड दोन तऱ्हेने होतो. पहिला, इंट्राकॅथ शिरेतून निसटतं आणि पाणी कातडीखाली साठतं. आम्ही त्याला 'आउट झालं' म्हणतो. जागा फुगते, ताणलेली आणि हाताला गार लागते, थेंब मंदावतात. दुसरा, शीरच सुजते. जागा लाल, गरम, दुखरी, आणि बोट फिरवलं तर शीर ताठ दोरीसारखी लागते. दोन्हींत इंट्राकॅथ काढून दुसरी जागा बघावी लागते. 'अजून चालतंय, राहू दे' हा हट्ट नको. फुगलेला हात उशीवर उंच ठेवावा, चोळू नये. शेक गरम द्यायचा की थंड, हे आत कुठलं औषध गेलंय त्यावर ठरतं, म्हणून विचारल्याशिवाय काही लावू नये.

यातला बराच बिघाड टोचायच्या वेळीच टळतो. पट्टा जागेच्या चार बोटं वर बांधायचा, मिनिटाभरापेक्षा जास्त ठेवायचा नाही. स्पिरिट पुसल्यावर अर्धा मिनिट वाळू द्यायचं, फुंकर घालायची नाही. सुरुवात हाताच्या खालच्या भागातून, कारण खालची शीर बिघडली तर वरची उरते. उलट केलं तर खालची वाया जाते. जेवणाचा हात शक्यतो सोडायचा, डायलिसिसचा फिस्च्युला (त्यासाठी जोडून तयार केलेली शीर) असलेला हात कायमचा सोडायचा. रंग तुम्ही बघितलेच असतील: हिरवं जाड, रक्तासाठी आणि ऑपरेशनसाठी. गुलाबी नेहमीचं. निळं बारीक शिरांच्या म्हाताऱ्या माणसांना, पिवळं बाळांना. तालमीतल्या पोरांच्या हातावर हिरवं कुणीही घालेल. ऐंशी वर्षांच्या आजींच्या सरकत्या शिरेत निळं पहिल्या फटक्यात बसवणं, हे मात्र वर्षांनीच येतं. दोनदा जमलं नाही तर तिसऱ्यांदा दुसरीला बोलवायचं, हा चांगल्या वॉर्डातला नियम आहे. त्यात कुणाचा कमीपणा नाही.

जाता जाता त्या 'ताकदीच्या बाटली'बद्दल. "अशक्तपणा आलाय, एक बाटली चढवा की" ही मागणी घेऊन लोक येतात, आणि "ती पिवळी लावा" असंही सांगतात. एनएसच्या 500 मिलीत साडेचार ग्रॅम मीठ आणि बाकी पाणी. डीएनएसमध्ये त्याशिवाय 25 ग्रॅम साखर, म्हणजे गुळाचा एक बेताचा खडा. शंभर कॅलरीसुद्धा जेमतेम. पिवळा रंग व्हिटॅमिनचा, तो बऱ्यापैकी दुसऱ्या दिवशी लघवीत दिसतो. खाता-पिता येणाऱ्या माणसाला यातून ताकद येत नाही. ब्लडप्रेशरवाल्याला फुकटचं मीठ आणि शुगरवाल्याला फुकटची साखर मिळते, एवढंच.

जुलाब-उलट्यांत सुद्धा, गिळता येत असेल तोवर, ओआरएसचं पाकीट पुरतं. 1971 मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलऱ्याची साथ होती, सलाईनचा साठा संपत आला होता. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी ड्रमांतून वाटलं आणि तिथलं मृत्यूचं प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून 3.6 टक्क्यांवर आलं. पंचगंगेला पूर आला की आपल्याकडेही पोटं बिघडतात, तेव्हा हे लक्षात असू द्या. मोठं पाकीट पूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात घालायचं. अर्धं पाकीट ग्लासभर पाण्यात, असं अंदाजाने नको, खारट झालं तर जुलाब वाढतात. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून दर एक-दोन मिनिटांनी चमचा-चमचा. डोळे खोल गेले, सहा-आठ तास लघवी नाही, पेशंट गुंगीत आहे, पाजलेलं एक थेंब टिकत नाही, मग मात्र सलाईनच हवं आणि तेही लगेच. उसाच्या फडात साप चावलेल्यालाही हवं, कारण सापाच्या विषावरची लस शिरेतूनच द्यावी लागते, बहुतेकदा सलाईनमध्ये घालून.

सलाईन चालू असताना अंग थडथड उडायला लागलं तर "थंडी वाजतेय" म्हणून नुसती गोधडी घालू नका. चाकी बंद करून आधी आम्हाला सांगा. आणि ती बाटली व सेट टाकून देऊ नका, तपासायला लागतात.

घरी जाताना इंट्राकॅथ काढलं की कापूस दाबून हात सरळ ठेवा, दोन-तीन मिनिटं. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर पाच मिनिटं. कोपर मुडपून बसलात तर आत रक्त साकळून काळंनिळं होतं. पुढचे दोन दिवस ती जागा रोज बघा, कारण शीर सुजणं कधी कधी घरी गेल्यावर सुरू होतं. लाल रेघ वर चढताना दिसली, किंवा पू आला, तर दाखवायला या. त्याबरोबर ताप असेल तर त्याच दिवशी.