ओट्याखालचा डिशवॉशर : २२ मिलिमीटर सापडले!

मंडळी, जागा मिळाली! डिशवॉशर ड्राय बाल्कनीत हलवायचा जो बेत मागच्या वेळी लिहिला होता, तो रद्द. मशीन ओट्याखालीच राहणार, सिलिंडरच्या जुन्या कप्प्यात, सिंकला लागून. ओटा फोडायचा नाही, ग्रॅनाइट हलवायचा नाही आणि स्वयंपाकघराच्या कामाची १ लाख २० हजारांची मर्यादा ओलांडायची नाही, या तिन्ही अटी शाबूत आहेत. मधल्या एका आठवड्यात मात्र डोकं भणभणलं, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

मापं पुन्हा एकदा. ओटा सरळ, १० फुटी. डावीकडून सिंकचा कप्पा ३० इंच, सिलिंडरचा २६, शेगडीखालचा ३६ आणि शेवटचा २३. मध्ये आणि दोन्ही टोकांना कडप्प्याचे इंचभर जाडीचे उभे दगड. सिलिंडरचा कप्पा एवढा रुंद आहे कारण घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर साधारण ३२ सेंटीमीटर व्यासाचा असतो आणि पूर्वी इथे दोन शेजारी-शेजारी उभे असायचे. पाइपचा गॅस आला, सिलिंडर गेले, कप्पा रिकामा झाला. रुंदी ६६० मिमी आणि आमचं मशीन ६००. रुंदीचा प्रश्न कधीच नव्हता.

प्रश्न उंचीचा. फरशीपासून ओट्याचा माथा ३४ इंच, म्हणजे ८६४ मिमी. त्यातून ग्रॅनाइट १८, खालचा मसाला १० आणि आडवा कडप्पा २२ वजा केला की उरतात ८१४. मशीन ८४५ उंच आहे, पण वरचं झाकण मागचे दोन स्क्रू काढून निघतं आणि मग ८१५ राहतं. एक मिलिमीटर कमी! त्यात कप्प्याच्या तळाशी ३ इंची उंचवटा, जो त्या काळी सगळेच गवंडी सिलिंडर आणि डबे ओले होऊ नयेत म्हणून करायचे. तो फोडायचा हे ठरलेलंच होतं, पण तो फोडूनही ८१४ च मिळणार, असा आतापर्यंतचा हिशोब.

याच आकड्यामुळे एका मॉड्युलर किचनवाल्यांनी सरळ सांगितलं होतं की ओटा काढा, नवीन ३६ इंचांचा करा, नाहीतर हे मशीन विका. त्यांच्या अंदाजपत्रकात नवीन शेगडी आणि नवीन चिमणीही होती, जी मला नकोच आहे. माझी चार बर्नरची शेगडी उत्तम चालते. चिमणीही ६ इंची डक्टसकट चालू आहे आणि डक्टला एकच वळण आहे, हे मी भाग्य समजते. ४५ सेंटीमीटर रुंदीची छोटी मशीनं सुचवणाऱ्यांना उत्तर: ती रुंदीला कमी असतात, उंची तीच. कप्प्यापुरता कडप्पा काढून ग्रॅनाइटला लोखंडी अँगलचा आधार द्यायचा, हाही विचार झाला. पण वीस-पंचवीस वर्षं मसाल्यात धरलेला कडप्पा खालून ठोकून सोडवताना वरच्या ग्रॅनाइटला तडा गेला, तर बजेटच संपलं.

मग प्लंबर आला. मशीनच्या पाण्यासाठी सिंकखालून लाइन फिरवायची होती, म्हणून त्याने उंचवट्याचा पुढचा कोपरा छिन्नीने उघडला आणि म्हणाला, “ताई, खाली जुनी फरशी आहे, बघा.” खाली पिवळसर मोझॅक! आधीच्या मालकांनी स्वयंपाकघरात जुन्या फरशीवरच नवीन व्हिट्रिफाइड टाइल्स चढवल्या होत्या आणि त्या उंचवट्याला टेकवून थांबवल्या होत्या. म्हणजे ओट्याखाली मूळ फरशी तशीच आहे आणि खोलीच्या फरशीपेक्षा खाली आहे. लेव्हल पाइप लावून मोजलं तर फरक २२ मिमी. ८१४ चे ८३६ झाले! त्या संध्याकाळी मी तो आकडा पेन्सिलीने भिंतीवरच लिहून ठेवला.

लेव्हल पाइपबद्दल एक शब्द. लेझर लेव्हल माझ्याकडे आहे, वरच्या कॅबिनेटांची रेघ मारायला तो छान आहे. पण कोपऱ्याआड, ओट्याखाली, जिथे किरण पोचत नाही तिथे पारदर्शक नळी आणि रंगीत पाणी यांना तोड नाही. नळीत हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही, एवढंच पथ्य.

आता डोकं भणभणवणारा भाग. उंचवटा फोडल्यावर खड्ड्यात जागा ८३६ आहे, पण मशीन खड्ड्यात उतरणार कसं? ते खोलीच्या फरशीवरून येणार. खड्ड्याची कड आणि वरच्या कडप्प्याची कड बरोबर एका ओळंब्यात आहेत (ग्रॅनाइट त्याच्यापुढे दीड इंच आहे, तो अडत नाही). म्हणजे दारातली उंची ८१४ च, आणि मशीन ८१५. आत ऐसपैस जागा असूनही दारातून शिरता येत नाही. तिरकं करून घालू म्हणावं, तर पेटी तिरकी केली की उभ्या रेषेत तिची उंची वाढतेच, कमी होत नाही. मी पुठ्ठ्याचा बाजूचा आकार कापून, कागदावर दार आखून फिरवून पाहिला. नाहीच.

पहिला उपाय सुचला तो मशीनचे पाय काढून सरकवण्याचा. आमच्या मशीनचे पाय पूर्ण आत घेतले तरी सेंटीमीटरभर बाहेर राहतात, तेवढी उंची वाचली असती. पण मग मागचे पाय आत गेल्यावर बसवणार कसे, आणि पायांशिवाय लेव्हल कशी करणार? डिशवॉशर लेव्हलमध्ये नसेल तर दार नीट मिटत नाही आणि तळाशी पाणी एका बाजूला साचतं. हा उपाय बाद. दुसरा, कडप्पा खालून ग्राइंडरने दोन सूत (साधारण ६ मिमी) घासायचा. नुसती पुढची कड घासून भागत नाही. मशीनचा तोल खड्ड्यात जाईपर्यंत, म्हणजे निम्मी खोली आत जाईपर्यंत, वरची जागा लागते. एवढी धूळ, ओणव्याने, डोक्यावर ग्राइंडर धरून! गवंडीकाका तयार होते, मी नव्हते.

तिसरा उपाय पुढची टाइल काढून उतार करण्याचा. दोन फुटांत २२ मिमी उतार फार नाही, मशीन आरामात गेलं असतं. पण मग फरशी पुसायचं, सांडलेलं सगळं पाणी मशीनखाली जाणार, आणि तिथे बाहेर पडायला वाट नाही. रोज जिथे उभं राहून भांडी विसळायची, तिथे पायाखाली उतारही नकोसा.

उत्तर तिसऱ्यातूनच निघालं. कप्प्यासमोर २६ बाय २६ इंचांचा चौकोन कटरने कापून जुन्या मोझॅकपर्यंत उघडा करायचा. मशीन आधी तिथे उतरवायचं, मग सपाटीवरून सरळ आत. आणि त्या चौकोनावर झाकण बसवायचं: १२ मिमीचं फायबर सिमेंट बोर्ड आणि त्याला चिकटवलेली तीच टाइल, ९ मिमी. मिळून २१, उरलेला एक मिलिमीटर खालच्या पातळ रबर शीटचा. कडेला ग्राउट नाही, सिलिकॉन. मशीन दुरुस्तीला बाहेर काढायचं झालं की सिलिकॉन ब्लेडने कापायचं आणि काचवाले वापरतात तो व्हॅक्यूम कप लावून झाकण उचलायचं. आणि टाइल्स? आधीच्या मालकांनी लॉफ्टवर जादाच्या ठेवल्या होत्या, त्याच रंगाच्या, अखंड. एवढा आनंद मला मशीन घेतलं तेव्हाही झाला नव्हता.

मशीन आत गेल्यावर पाय १५ मिमी बाहेर काढायचे, म्हणजे वर दोन सूत फट राहते आणि मशीन खोलीच्या फरशीपेक्षा जेमतेम ७ मिमी खाली बसतं. झाकण काढलेल्या मशीनवर प्लायचा ओटा असेल तर खालून वाफेपासून बचाव करणारी पट्टी लावावी लागते. दगडाला तिची गरज नाही. सॉकेट १६ अँपिअरचं, पण मशीनच्या मागे अजिबात नको. सिंकच्या कप्प्यात वरच्या बाजूला घेतलं आहे, म्हणजे मशीन न हलवता प्लग काढता येतो. सांडपाण्याची नळी आधी ओट्याच्या तळापर्यंत उंच नेऊन मग ट्रॅपला जोडायची, नाहीतर सिंकचं पाणी मशीनमध्ये उलटं येऊ शकतं.

बाकीच्या तीन कप्प्यांचे उंचवटे फोडायचे की नाही? काल रात्रीपर्यंत फोडायचे होते. पण आकडे मांडले आणि बेत बदलला. फोडले तर ८३६ मिळतात, त्यात कॅबिनेटचे १०० मिमीचे पाय आणि ते झाकायला पुढे स्कर्टिंगची पट्टी. उरतात ७३६. न फोडता आत्ता आहेत ७३९. म्हणजे फोडाफोडी, राडारोडा आणि स्कर्टिंग यांवर पैसे घालून तीन मिलिमीटर घालवायचे. उंचवटा राहू दे, तोच स्कर्टिंग.

आणि हे लिहिता लिहिताच सुचलं ते असं: कारकसच (कॅबिनेटची प्लायची पेटी) कशाला? तळ उंचवट्याचा आहे, माथा कडप्प्याचा, पाठीला भिंत. फक्त दोन बाजूंना १८ मिमी प्लाय लावून त्यावर बास्केट सरकवायची चॅनल. कडप्प्याचे उभे दगड गुण्यात (काटकोनात) नाहीत, २३ इंचांचा कप्पा मागे दोन सूत अरुंद आहे, पण ते प्लायमागच्या पॅकिंगने सरळ करता येईल. ५०८ मिमीचं बास्केट, चॅनलचे २६, प्लायचे ३६, एकूण ५७०. मागची रुंदी ५७७. बसतंय! तयार बास्केटं १९ किंवा २१ इंची मिळतात, २० इंची वेल्ड करून घ्यावं लागेल. पण खालच्या कामाला चार प्लाय लागणार होते तिथे आता दोन पुरतील. सुतारकाकांना उद्या दाखवते. प्लायखाली पीव्हीसीच्या पट्ट्या द्यायच्या, ओल वर चढू नये म्हणून.

प्लाय टिंबर मार्केटमधूनच घेणार. नुसता आयएस ७१० चा (पाण्याला टिकणाऱ्या प्लायच्या मानकाचा) शिक्का पाहून समाधान मानू नका. शिक्क्यासोबतचा सीएम/एल (परवाना) क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर टाकून परवाना चालू आहे का ते दुकानात उभ्या उभ्या बघा. मी तसं केल्यावर एका दुकानदाराने आपणहून दुसरा गठ्ठा दाखवला. बिजागऱ्या आणि चॅनल बोहरी आळीतल्या हार्डवेअरच्या दुकानांतून, हातात घेऊन, उघडमीट करून. ऑनलाइन दोनपाच रुपये वाचतात, पण चॅनलचा खडखडाट फोटोत दिसत नाही. बास्केटच्या स्टीलसाठी चुंबक लावून बघणाऱ्यांनी थांबा: २०२ आणि ३०४ या स्टीलच्या प्रतींतला फरक चुंबकाला कळत नाही. सिंकजवळ ३०४ च हवं, त्यासाठी थेंब टाकून बघायचं द्रावण मिळतं. टँडम बॉक्स (धातूच्या बाजूंचे तयार ड्रॉवर) माझ्या मते या बजेटमध्ये उधळपट्टी आहे. डाळ-तांदळाचे भरलेले डबे पेलायला ४५ मिमीचं चांगलं टेलिस्कोपिक चॅनल पुरतं.

फ्रिज जागचा हलत नाही. भिंत आणि फ्रिज यांमध्ये ४ इंच सोडले आहेत, नाहीतर दार काटकोनापुढे उघडत नाही आणि भाजीचा ट्रे निघत नाही. त्या फटीत घडीचं स्टूल मावतं. मायक्रोवेव्ह वरच्या कॅबिनेटमध्ये घालायचा हट्ट सोडला, कॅबिनेट १३ इंच खोल आणि मायक्रोवेव्ह १८. घरघंटी ड्राय बाल्कनीत, चाकांवर. तिला वरून दळण घालायचं असतं, त्यामुळे ओट्याखाली ती कायमची बसवता येत नाही, आणि आता डिशवॉशर तिकडे जात नसल्याने तिला ऐसपैस जागा झाली.

खर्चात कारकस गेल्याने अंदाजे १४ हजार सुटतील. त्यातले काही सिंकच्या कप्प्याची शटरं प्लायऐवजी डब्ल्यूपीसीची (लाकूड-प्लास्टिकच्या मिश्र बोर्डाची) करायला जातील. तिथे पाणी लागणारच.

शनिवारी टाइल कापणारा येतोय. कापण्याआधी मोझॅकची लेव्हल चारही कोपऱ्यांत पुन्हा घ्यायची आहे, कारण आतापर्यंत मी फक्त उघडलेल्या कोपऱ्यात मोजली आहे. मागे भिंतीकडे फरशी चढत असेल तर पाय १५ ऐवजी १० मिमीवर ठेवावे लागतील. तोवर ज्यांनी कारकसशिवाय, बाजूच्या प्लायवरच चॅनल लावले आहेत त्यांनी सांगा: प्लाय कडप्प्याला नुसत्या अँकर फास्टनरने धरलात की मागे चिकटपट्टी-ॲडहेसिव्हही दिलंत? कडप्प्यात ड्रिल करताना कडेपासून किती अंतर सोडलंत, तेही लिहा.