सात निवडलं की उबुंटू उघडायचं

परभणीच्या मोंढ्यातल्या कृषी केंद्राचा कॉम्प्युटर. एकाच डिस्कवर तीन ऑपरेटिंग सिस्टीम: ३२ बिट विंडोज ७, ६४ बिट विंडोज १० आणि उबुंटू लिनक्स. बिलाचा जुना डॉस प्रोग्राम १६ बिटचा. ६४ बिट विंडोजवर तो चालतच नाही, म्हणून सात ठेवणं भाग. मालक सांगत होते, "सात निवडलं की मशीन रीस्टार्ट व्हायलंय अन् उबुंटू उघडायलंय. कवा कवा न विचारताच सात येतंय."

आधीच्या माणसाने ग्रब, म्हणजे मशीन चालू होताना कुठली सिस्टीम उघडायची हे विचारणारा उबुंटूचा प्रोग्राम, दोनदा नव्याने टाकलं होतं. दुखणं न तपासता औषध देण्याची ही सवय मला सहन होत नाही. ग्रब ठणठणीत होतं.

मेन्यू दोन होते. ग्रबमध्ये विंडोजची एकच ओळ, कारण सात आणि दहाचा बूट मॅनेजर (विंडोज सुरू करून देणारा प्रोग्राम) एकच. ती निवडली की दहाचा निळा मेन्यू. तो दिसतो तोवर दहा अर्धवट लोड झालेलं असतं. तिथे सात निवडलं की 'पुढच्या वेळी सात' अशी एकदाच चालणारी नोंद होते आणि मशीन रीस्टार्ट होतं. पण रीस्टार्टनंतर आधी येतं ग्रब. दहा सेकंदांत बटण दाबलं नाही तर उबुंटू सुरू. नोंद मात्र तशीच राहते. मग दुपारी कुणी दहासाठी विंडोजची ओळ निवडली, तरी मेन्यू न दाखवता थेट सात! कागदावर बाण काढले तेव्हा हे मला उलगडलं.

दहामध्ये ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून बीसीडीएडिट या बूटच्या नोंदी बदलणाऱ्या कमांडने डिफॉल्ट नोंदीची बूटमेन्यूपॉलिसी, म्हणजे मेन्यू कुठल्या पद्धतीने दाखवायचा ती सेटिंग, 'स्टँडर्ड'ची 'लेगसी' केली. आता काळा मेन्यू येतो, तोही कुठलंच विंडोज लोड होण्याआधी. मधला रीस्टार्ट गेला.

दहाचं फास्ट स्टार्टअपही बंद केलं. ते चालू असलं की शटडाउननंतरही विंडोजचे पार्टिशन अर्धवट अवस्थेत राहतात आणि उबुंटू त्यांवर लिहू देत नाही. उबुंटू मशीनचं घड्याळ यूटीसी (भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असलेली जागतिक प्रमाणवेळ) धरतं, विंडोज स्थानिक वेळ. म्हणून बिलावर वेळ साडेपाच तास मागे छापली जात होती. उबुंटूलाच स्थानिक वेळ धरायला लावलं.

सातचे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० ला थांबले, म्हणून त्यातलं नेटवर्क कार्ड बंद ठेवलंय. बिलाचा प्रोग्राम उबुंटूवर डॉसबॉक्स-एक्स या डॉसची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये चालवून बघायचा राहिलाय. डॉट मॅट्रिक्सवर बिल नीट छापलं गेलं, तर सात काढूनच टाकता येईल.