डार्क चॉकलेट, एप्रिल आणि पुरंदरचे अंजीर

सध्या 70 टक्के कोको असलेल्या चॉकलेटच्या दोन वड्या शेजारी ठेवून चाखणं चालू आहे. एक तमिळनाडूतल्या अनामलाई भागातल्या कोकोची, दुसरी आंध्रातल्या पश्चिम गोदावरीकडची. दोन्हींत कोको आणि साखर, बाकी काही नाही. त्यामुळे चवीत जो फरक पडतो तो बियांचा, त्या आंबवण्याचा आणि भाजण्याचा.

पुण्यातल्या एप्रिलमध्ये आधी उन्हाळ्याचा बंदोबस्त करावा लागतो. नीट टेम्पर केलेलं (म्हणजे ठरावीक तापमानांना वितळवून-थंड करून घट्ट केलेलं) कोको बटर साधारण 34 अंशांना वितळतं, म्हणून तर वडी टेबलावर टणक राहते आणि तोंडात विरघळते. दुपारी घरातच पारा तिथवर चढतो. वडी मऊ पडून पुन्हा घट्ट झाली की वर पांढुरका थर धरते. खायला हरकत नसते, पण 'कट्' करून मोडणं आणि तो रेशमी गुळगुळीतपणा जातो. फ्रिजमधून थेट तोंडात टाकली तर जिभेला चवच लागत नाही. म्हणून वडी हवाबंद डब्यात फ्रिजमध्ये, पहाटे उठल्याउठल्या डबा बाहेर आणि तासाभराने, चहाच्या आधी, चाखणं. मधे झाकण उघडायचं नाही, नाहीतर थंड वडीवर हवेतलं बाष्प साचतं आणि साखर वर येऊन ती खरखरीत लागते.

तुकडा चावायचा नाही, जिभेवर ठेवून टाळूला टेकवायचा आणि थांबायचं. अनामलाईची वडी सुरुवातीला नुसती कडसर लागते. अर्धी विरघळली की एकदम पिकल्या जांभळाचा आंबटपणा येतो आणि गिळल्यावरही मागे रेंगाळतो. मला ही वडी फार आवडली. बियांभोवतीचा पांढरा गर काही दिवस आंबतो तेव्हा तयार झालेलं आम्ल बीत मुरतं. वाळवताना, भाजताना, घोटताना त्यातलं बरंच उडून जातं. भाजणारा किती राखतो, त्यावर सगळं. गोदावरीची वडी भाजल्या शेंगदाण्याकडे झुकते, शेवटी किंचित तुरट.

मीठा बहार, म्हणजे अंजिराचा उन्हाळी हंगाम, चालू आहे, म्हणून पुरंदरचे ताजे अंजीरही आणलेत. आधी अंजिराचा घास, मग अनामलाईचा तुकडा. अंजिराच्या गोडीनंतर तो आंबटपणा अगदी पहिल्या क्षणापासून कळतो. उलट क्रमाने खाल्लं तर अंजीर पाणचट लागतं.

आता 85 टक्के. केरळातल्या इडुक्कीच्या कोकोची साधी, काहीही न घातलेली वडी कोणाला आवडली असेल तर टक्क्यांसकट जरूर कळवा.