नळाचे पाणी गेले ती वेळ

गेल्या भाद्रपदात, गौरी-विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी 6.40 वाजता, वाईजवळच्या आमच्या घरी गॅसवरचे दूध उतू जात होते आणि माझ्या सासूबाई शेजारीच उभ्या असूनही गॅस बंद करत नव्हत्या. मी धावत जाऊन बटण फिरवले आणि मग त्यांच्याकडे पाहिले. उजवा हात खांद्यापासून लोंबत होता, तोंड डावीकडे ओढले गेले होते आणि त्या मला काहीतरी सांगू पाहत होत्या, पण त्यातला एकही शब्द ओळखीचा नव्हता. त्यांना खाली बसवून मी दोन्ही हात वर करायला सांगितले, तेव्हा डावा वर गेला आणि उजवा जागचा हलला नाही. चेहरा, हात आणि बोलणे या तीन गोष्टी पाहायच्या, एवढे मी पुण्यातल्या आमच्या कार्यालयात झालेल्या एका आरोग्य शिबिरात ऐकलेले होते. त्याच शिबिरात सांगितलेली चौथी गोष्ट, म्हणजे वेळ, मला त्या सकाळी नीट कळली नव्हती.

अण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, पाहताक्षणी सांगितले, "वारं गेलंय हिच्या अंगावरून." आमच्याकडे पक्षाघाताला हाच शब्द आहे, आणि शब्दाबरोबर उपायही ठरलेले आहेत. पाच मिनिटांत कोणी कोमट तेलाची वाटी आणली, कोणी लकव्याचे औषध देणाऱ्या एका गावाचे नाव सुचवले, आणि एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी कबुतराच्या रक्ताचाही विषय काढला. यातले काही होऊ दिले नाही, याचे श्रेय मी घेईन. मात्र पेलाभर पाणी मीच त्यांच्या ओठांना लावले होते. त्यांना जोराचा ठसका लागला, आणि अशा वेळी गिळण्याची क्रिया बिघडलेली असू शकते, पाणी श्वासनलिकेत जाऊ शकते, हे मला त्या ठसक्याने शिकवले. अण्णा रक्तदाबाची जादा गोळी द्यायला निघाले होते, ती त्यानंतर राहिली.

दुसरी चूक अधिक महागात पडली असती. 108 ला फोन करण्याऐवजी आम्ही शेजाऱ्यांच्या गाडीतून त्यांना नेहमीच्या, ओळखीच्या दवाखान्यात नेले. तिथे सीटी स्कॅनचे यंत्र नव्हते. डॉक्टर येईपर्यंत पंचवीस मिनिटे गेली, सलाईन लागले, रक्तदाब 200 च्या जवळ भरला म्हणून तो झटपट उतरवण्याची तयारी सुरू झाली, आणि "संध्याकाळपर्यंत बघू" असे सांगण्यात आले. डॉक्टर भले आहेत, आमच्या घरातल्या तीन पिढ्या त्यांनी पाहिल्या आहेत, आणि नेमक्या त्याच कारणाने आम्ही चुकीच्या दारात उभे होतो. पक्षाघात गुठळीने झाला आहे की रक्तस्रावाने, हे बाहेरून कितीही अनुभवी माणसाला खात्रीने सांगता येत नाही. ते सीटीच सांगते, आणि दोहोंचे उपचार एकमेकांच्या उलट आहेत. म्हणूनच घरी अ‍ॅस्पिरिनची गोळी देणेही धोक्याचे असते. शिवाय गुठळीमुळे अडलेल्या मेंदूला चढलेला रक्तदाबच थोडेफार रक्त पोचवत असतो, त्यामुळे तो एकदम खाली आणला तर नुकसान वाढू शकते. हे सगळे मला नंतर कळले. त्या क्षणी मी फक्त हट्ट धरला आणि तिथूनच 108 ला फोन केला.

रुग्णवाहिकेत डॉक्टर होते. त्यांनी आधी बोट टोचून साखर तपासली, कारण साखर फार उतरली तरी पक्षाघातासारखीच लक्षणे दिसतात. साखर ठीक होती. मग त्यांनी विचारले, "ताई, आई शेवटच्या पूर्ण बऱ्या कधी दिसल्या?" मी म्हणाले, "6.40 ला." ते म्हणाले, "ती तुम्ही त्रास पाहिल्याची वेळ झाली. त्याआधी त्यांना कोणी चालता-बोलताना पाहिलं?" अण्णा गप्प झाले. ते सहा वाजता उठले होते आणि थेट अंगणात गेले होते. मीही उशिरा उठले होते. आम्हा दोघांच्या लेखी त्या आदल्या रात्री दहा वाजता शेवटच्या बऱ्या होत्या, आणि हेच उत्तर कागदावर गेले असते तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साध्या सीटीच्या भरवशावर कोणी दिले नसते. ते लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि सुरुवात कोणी पाहिली नसेल तर घड्याळ रुग्ण शेवटचा बरा दिसला तिथून मोजायला लागते.

भुईंज मागे पडत असताना मला नळ आठवला. गावात पहाटे सव्वापाचला पाणी सुटते आणि आई ते भरायला उठतात. मी शेजारच्या काकूंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "अगं, आम्ही दोघी नळावरच होतो की. विसर्जनाला नेलेली तुमची परात माझ्याकडं राहिली होती, ती वहिनींनीच मागून नेली. आम्ही बोलत असतानाच पाणी गेलं." पाणी सोडणारा माणूस पावणेसहाला व्हॉल्व्ह बंद करतो आणि त्यात फारसा फरक पडत नाही, हे सगळ्या आळीला ठाऊक आहे. मी तळहातावर पेनाने 5.45 लिहिले. आता आमच्याकडे सव्वादहापर्यंतचा वेळ होता आणि घड्याळात 8.35 झाले होते.

रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरांनी साताऱ्यातल्या रुग्णालयाला वाटेतूनच फोन करून वय, लक्षणे आणि ही वेळ कळवली. त्या एका फोनची किंमत मला तिथे पोचल्यावर समजली. केसपेपर, खाट, चौकशी असे काही न होता स्ट्रेचर थेट सीटीच्या खोलीत गेले. रक्तस्राव नव्हता. मानेतल्या आणि मेंदूतल्या मोठ्या रक्तवाहिन्याही मोकळ्या होत्या. मोठी वाहिनी बंद असती तर जांघेतून नळी घालून गुठळी ओढून काढावी लागली असती, आणि त्यासाठी पुणे गाठावे लागले असते. पक्षाघाताची तीव्रता मोजणाऱ्या 42 गुणांच्या मापात आईंना 11 गुण मिळाले. या परीक्षेत गुण जितके कमी तितके बरे.

मग इंजेक्शनचा डोस ठरवण्यासाठी वजन विचारले गेले. अण्णा म्हणाले सत्तर, मी म्हणाले पन्नास. महिन्यापूर्वी गिरणीत गहू दळायला नेले असताना आई गंमत म्हणून काट्यावर उभ्या राहिल्या होत्या आणि 58 किलो भरल्याचे हसत सांगत घरी आल्या होत्या, ते अण्णांना ऐन वेळी आठवले. किलोला 0.9 मिलिग्रॅम या हिशेबाने 52 मिलिग्रॅम औषध ठरले. त्यातला दहावा भाग एका मिनिटात आणि उरलेला तासाभरात द्यायचा होता. त्याआधी रक्तदाब 185/110 च्या खाली आणणे आवश्यक होते, आणि त्यात दहा मिनिटे गेली. संमतीपत्रावर सही घेताना डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितले की, या औषधाने शंभरातल्या साधारण सहा जणांच्या मेंदूत गंभीर रक्तस्राव होतो. अण्णांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि सही केली. औषध सुरू झाले तेव्हा 9.50 झाले होते, म्हणजे नळाचे पाणी गेल्याला चार तास पाच मिनिटे.

पुढे एकदा डॉक्टरांनी सांगितले की, अमेरिकेत 1996 मध्ये या औषधाला पक्षाघातासाठी मान्यता मिळाली तेव्हा मर्यादा तीन तासांची होती, आणि 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय अभ्यासानंतर प्रत्यक्ष उपचारात ती साडेचार तासांवर गेली. जुन्या नियमात आई बसल्या नसत्या. अर्थात मर्यादेच्या आत पोचलो म्हणून वाया गेलेला वेळ भरून निघत नाही. मोठ्या वाहिनीच्या पक्षाघातात उपचाराविना दर मिनिटाला सरासरी 19 लाख चेतापेशी मरतात, असा एक प्रसिद्ध अंदाज आहे. आईंची मोठी वाहिनी बंद नव्हती, तरीही दवाखान्यातल्या त्या पंचवीस मिनिटांचा हिशेब मी मनाशी अनेकदा करून पाहिला आहे.

त्या संध्याकाळी उजव्या हाताची बोटे हलली. दुसऱ्या दिवशीचे सीटी स्वच्छ आले आणि गुण 11 वरून 4 वर आले. चमच्याने थेंब थेंब पाणी देऊन गिळणे तपासल्यावरच त्यांना पेज मिळाली. मॉनिटरवर हृदयाचे ठोके अनियमित पडताना दिसले, गुठळी तिथूनच आली असावी असे निदान झाले, आणि काही दिवसांनी रक्त पातळ ठेवणारी गोळी सुरू झाली. ती आता कायमची आहे. हात लवकर परतला, शब्द मात्र रेंगाळले. कप हवा असला की त्या "बादली" म्हणायच्या, चूक स्वतःला कळायची आणि चिडून तोंड फिरवायच्या.

घरी परतल्यावर मी आमच्या त्या डॉक्टरांना भेटून सारा क्रम सांगितला. ते थोडे दुखावले, पण असा रुग्ण आता आत न घेता थेट सीटी असलेल्या रुग्णालयात पाठवायचा, असे त्यांनी कंपाउंडरला माझ्यासमोर बजावले. आमच्या फ्रिजवर साताऱ्यातल्या त्या रुग्णालयाचा क्रमांक, 108, आणि घरातल्या प्रत्येकाचे वजन लिहिलेला कागद चिकटवलेला आहे. अण्णांना वजनांची यादी हास्यास्पद वाटते.

बोलणे बरेचसे पूर्ववत झाल्यावर, साधारण तीन आठवड्यांनी, भाजी निवडता निवडता आईंनी सहज सांगितले की, त्याच्या आठ दिवस आधीही त्यांचा उजवा हात असाच दहा मिनिटे निर्जीव झाला होता आणि हातातला डाव खाली पडला होता. अशी आपोआप ओसरणारी लक्षणे म्हणजे पुढच्या पक्षाघाताची सूचना असते आणि त्याच दिवशी तपासणी व्हायला हवी, हे तोवर मला पाठ झाले होते. मी विचारले, "मग तेव्हाच का नाही सांगितलंत?" मेथीच्या काड्या बाजूला करत त्या म्हणाल्या, "सांगितलं असतं तर तुम्ही दवाखान्यात नेऊन निजवलं असतं, आणि घरात गौरी यायच्या होत्या."