बुळकांडी पाहिलेले आबा

२६ मे, रात्र

पहाटे साडेपाचलाच वाडीवर पोचले. धारा आटोपल्या की गुरं रानात जातात, मग हाती लागत नाहीत. घटसर्प आणि फऱ्या या गुरांच्या दोन साथींची लस पावसाआधीच व्हायला हवी. घटसर्पात गळा सुजून घरघर लागली की उपचाराला दिवसही मिळत नाही.

चौथ्या गोठ्यात नकार आला. "मॅडम, दूध उतरतं. डेअरीचं नुकसान कोण भरून देणार?" खोटं नव्हतं ते. लशीनंतर एखाद-दोन दिवस अंग तापतं, दूध थोडं कमी होतं. नोकरीच्या सुरुवातीला मी "काही होत नाही" म्हणून टोचून मोकळी व्हायचे आणि पुढच्या खेपेला तेच लोक गुरं घेऊन लवकर रानात जायचे. आता आधीच सांगते.

तेवढ्यात ओसरीवरून आबा आले. नातवाला म्हणाले, "बुळकांडी पाह्यलीस का रं? डोळ्याला धार, तोंडात फोड, हगवण. आमची आख्खी दावण मोकळी झाली हुती."

त्याने नाही पाहिली. मीही नाही. बुळकांडी म्हणजे रिंडरपेस्ट, गुरांची जीवघेणी साथ. भारतात ती १९९५ नंतर दिसली नाही, २०११ मध्ये ती जगातूनच गेल्याचं जाहीर झालं. मी लक्षणं परीक्षेपुरती पाठ केली, कारण आधीच्या पिढीने गोठ्यागोठ्यात जाऊन लस टोचली होती.

मी पाहिला तो २०२२ चा लम्पी, गुरांच्या अंगावर गाठी आणणारा रोग. बाजार बंद, पोळा दारातच. गायीबैलांना शेळ्यांच्या देवीची लस टोचत आम्ही रात्री उशिरापर्यंत फिरायचो. एका खिल्लार बैलाला लस दिली आणि पाचव्या दिवशी अंगभर गाठी आल्या. रोग आधीच अंगात शिरला असणार. लशीचं बळ यायला दोन-तीन आठवडे लागतात. बैल गेला. मालक अजूनही म्हणतो, लशीनेच मारला. त्याला समजावताना माझे शब्द अपुरे पडले, हे अजून सलतं. लस महिनाभर आधी आली असती तर, हेही.

आबांच्या नातवाने शेवटी स्वतःच गायीची मान धरली. कानातल्या बिल्ल्याचे बारा आकडे वाचून दाखवले. लस टोचल्यावर त्याने विचारलं, "कालवडीला पण आजच देता येईल?"

एकूण ३७ जनावरं झाली. एक न फोडलेली बाटली उरली, ती दवाखान्याच्या फ्रीजमध्ये ठेवली. ओढ्यापलीकडच्या वस्तीवर दोन गायी राहिल्यात, उद्या धारेच्या वेळी तिकडे.